धरते हं

१९७४ सालचा हिवाळा होता. ताईचा डावा पाय तिसऱ्यांदा त्याच जागी मोडला, आणि तोही काय, तर खुर्चीत बसल्या बसल्या दाराकडे वळून बघताना. काडी मोडावी तसा बारीक आवाज झाला. ताईला तो ऐकू आला नाही. आत भांडी लावत असलेल्या धाकट्या बहिणीला, चिमीला, मात्र आला. तिने हात पुसले, ताईच्या समोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "कुठला?"

"डावा. जुनंच गिऱ्हाईक," ताई म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी हातातला ब्रश तिने आधी पाण्यात ठेवला.

ताईची हाडं जन्मापासून ठिसूळ. लहानपणी शिंक आली तरी बरगडी जायची. मोठेपणी मोडणं कमी झालं, पण मोडलेलं जुळेनासं झालं. पूर्वी महिन्या-दीड महिन्यात सांधणारं हाड आता वर्षवर्ष रेंगाळे आणि सांधलं तरी वाकडंच. त्याच दुखण्यापायी तिशीनंतर कानही गेले. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळे. पाठमोरं माणूस तिच्या दृष्टीनं मुकंच. खिडकीशी बसून ती स्टुडिओतून आलेले काळेपांढरे फोटो रंगवायची. मुलांच्या स्वेटरला निळा, गालांना गुलाबी. तिच्या हाताखालून गेलेलं कुणीही आजारी दिसत नसे.

घरात आईने एक नियम घालून दिला होता. ताईला हात लावायच्या आधी "धरते हं" म्हणायचं. न सांगता हात लागला की ती दचकायची, आणि दचकली की काहीतरी मोडायचं. आई गेली, नियम राहिला. कान गेल्यावरही चिमी ताईच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं, "धरते हं" म्हणायची. प्लास्टर घालताना टाच तोलून धरायचं आईचं कामही तिच्याकडेच आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर चिमीला बाजूला घेऊन म्हणाले, "सळई घालावी तर हे हाड ती पेलणार नाही. या खेपेला जुळलं नाही, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल."

चिमी परत आली आणि उगाच ताईच्या अंगावरची चादर नीट करू लागली.

"तोंड फिरवू नकोस," ताई म्हणाली. "डॉक्टरांचे ओठ मला इथूनही दिसतात."

प्लास्टर घालणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. गडगडाटी हसणारा, कोपरापर्यंत पांढरा झालेला माणूस. चिमी दिसली की त्याचं ठरलेलं: "बाई, बोटं नाही लावायची. तळव्यावर तोलायचं. ओल्या प्लास्टरवर बोट रुतलं की त्याचा उंचवटा आत टोचतो." पण त्या दिवशी डॉक्टरांनी चिमीला एक्स-रेची ओली फिल्म आणायला पाठवलं. ती परत येईपर्यंत प्लास्टर झालं होतं. ताई डोळे मिटून पडली होती.

"आज छान धरलंस गं चिमे," ती तशीच म्हणाली. "जरा घट्ट, पण छान. कळ आलीच नाही."

चिमीने मामाकडे पाहिलं. "कुणी धरलं होतं?"

"कुणी नाही. उशीवर ठेवला होता पाय," मामा म्हणाला. "का हो?"

चिमी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची. किल्ली शेजारणीकडे असायची. असेच काही आठवडे गेले आणि एका संध्याकाळी चहा पिता पिता ताई म्हणाली, "रोज दुपारी येतेस, ऑफिसात रागावत नाहीत?"

"मी? दुपारी कधी आले मी?"

"पुरे गं सोंग. माझा डोळा लागत असतो तेव्हा येतेस की. 'धरते हं' म्हणतेस आणि पाय धरून बसतेस. आणि काय गं, आवाज का बसलाय तुझा? अगदी म्हातारीसारखा येतो."

चिमीने कप खाली ठेवला. आठ वर्षांत ताईने कुणाचाही आवाज ऐकला नव्हता.

"तुला ऐकू येतं?"

"तेवढंच येतं," ताई म्हणाली. मग चिमीच्या चेहऱ्याकडे बघत तिने सावकाश विचारलं, "तू नसतेस?"

चिमीने 'नाही' अशी मान हलवली. दोघींनी तो चहा तसाच गार होऊ दिला.

तिने अर्धी रजा टाकली. दुपारी न सांगता घरी आली आणि चपला हातात घेऊन दाराच्या चौकटीत उभी राहिली. खोलीत ऊन होतं. टेबलावर अर्धवट रंगवलेलं एक लग्नाचं जोडपं. नवरा रंगीत, नवरी अजून राखाडी. ताई झोपली होती. प्लास्टरमधला पाय उशीत रुतलेला. खोलीला ओल्या चुन्यासारखा वास येत होता, आणि प्लास्टर तर कधीच सुकून खडखडीत झालेलं.

ताईचा श्वास एकदा अडकला, मग सैल झाला.

पाय उशीवरून वर आला.

फार नाही, मधून एखादी वही सरकवता येईल इतकाच. उशीचा दबलेला खड्डा हळूहळू फुगून वर आला. पाय तसाच राहिला. अलगद, कुणीतरी तळव्यावर तोलावा तसा.

तिथे कुणीच नव्हतं.

चिमी किंकाळी फोडणारच होती. पण ओरडून धावत गेलं, आणि ताई जागी होऊन दचकली, तर? तिने ओठ दातांखाली धरले आणि बघत राहिली. तिचे दोन्ही तळवे गार पडले होते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी प्लास्टर काढायचा दिवस आला. मामाने नेहमीसारखी करवत चालवली, नेहमीसारखे विनोद केले, दोन्ही कवचं उघडली आणि त्याचं हसू थांबलं.

मागच्या कवचाच्या आतल्या बाजूला हात होता.

टाचेच्या वर, नडगीला विळखा घातलेला. तळव्याचा खोलगट ठसा, बोटांच्या चार खाचा, कडेला अंगठा. प्लास्टरखाली गुंडाळलेला कापूस तेवढ्या जागेत नव्हताच. प्लास्टरवर कातडीच्या रेषासुद्धा उमटल्या होत्या.

"हे आतून आहे," मामा म्हणाला. "बाई, हे आतून आहे. माझ्या पट्ट्या या हातावरून गेल्यात."

त्याने करवत खाली ठेवली आणि आपले हात कितीतरी वेळ पाण्याखाली धरले.

डॉक्टर नवा एक्स-रे दोनदा खिडकीशी घेऊन गेले. हाड जुळलं होतं. सरळ जुळलं होतं. ताईच्या अंगात सरळ जुळलेलं ते पहिलंच हाड. "ही फिल्म यांचीच ना?" असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता खाली बसले.

घरी चिमीने कवच मांडीवर घेतलं. आधी मनात आईच आली. पण आईचे हात लहान, तिची बोटं खाचांच्या अर्ध्यातच संपली असती. चिमीने भीत भीत आपला हात आत ठेवला. लांबी जुळली. तळवा जुळला. पण ठशातली पेरं जाड, गाठाळलेली होती आणि तर्जनीचं टोक बाहेरच्या बाजूला वळलेलं. चिमी तेव्हा बत्तीस वर्षांची. तिची बोटं सरळसोट.

"आपल्यापैकी नाही कुणी," ती म्हणाली.

"तरी टाकू नकोस ते," ताई म्हणाली. "कुणीतरी धरलं होतं मला."

मामाने त्यानंतर प्लास्टरच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. औषधांच्या खिडकीवर बदली मागून घेतली आणि तिथूनच निवृत्त झाला. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म आपल्याकडे ठेवून घेतल्या. पुढे ते दुसऱ्या गावी गेले आणि तिथेच वारले. ताई काठी टेकत का होईना, आपल्या पायांनी स्टुडिओत जात राहिली. आणखी अठरा वर्षं जगली. तो पाय पुन्हा मोडला नाही. शेवटी छातीच्या दुखण्याने गेली, झोपेत.

चिमीने नोकरी पुरी केली. मग सांधे धरले, बोटांची पेरं सुजून गाठाळली. एके वर्षी लोखंडी दारात तर्जनी सापडली आणि टोक वाकडंच बसलं. पट्टी सोडली त्या दिवशी ती बोटाकडे खूप वेळ बघत राहिली. मग स्टूल ओढून तिने कपाटावरचं टॉवेलात गुंडाळलेलं कवच खाली काढलं आणि हात आत ठेवला.

हात बसला. जरासुद्धा फट राहिली नाही.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी जेवण झालं की आडवी होते. शेजारच्या सुनेकडे किल्ली असते. परवा ती म्हणाली, "आजी, झोपेत किती बोलता हो! 'धरते हं, धरते हं.' कुणाला धरता एवढं?"

"म्हातारपण," चिमी म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

दुपारी जाग येते तेव्हा ते ओले असतात. आणि नखांत पांढरं असतं, अजून न सुकलेलं.