निळ्या पेनाचा गोल

ती बाटली आधी खाली ठेव. हो, तुलाच म्हणतोय. पायाची जखम चिघळलीय, कबूल. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहून दिलंय, तेही कबूल. पण ते मित्राकडून इथे गच्चीवर टोचून घ्यायचं, असं कुठल्या डॉक्टरांनी लिहिलंय? म्हणे, त्यात काय काका, पाच मिनिटांचं काम. पाच मिनिटांचंच असतं रे ते. बस खाली. तुम्हीही बसा सगळे, लाईट येईपर्यंत तसा दुसरा उद्योगही नाही.

माझा एक मित्र होता. होता कसला, आहे, ठणठणीत आहे. सरकारी हॉस्पिटलात नर्स. पुरुष नर्सला तिथे ब्रदर म्हणतात, म्हणून आम्हीही त्याला ब्रदर म्हणायला लागलो. पुढे लग्न झाल्यावर एकदा त्याच्या बायकोनेच चारचौघांत "अहो ब्रदर" अशी हाक मारली, तेव्हा आमची हसून मुरकुंडी वळली होती. पण माणूस हाताचा हलका. इंजेक्शन देऊन झालं हे पेशंटला कापूस दाबल्यावर कळायचं.

त्याची धाकटी बहीण कालव्यापलीकडच्या वसाहतीत राहायची. तिला एकच मुलगी, बारा वर्षांची. आधी या पोरीचा घसा सुजला, मग ताप आला, सांधे धरले, आणि शेवटी ते दुखणं हृदयापर्यंत गेलं. एक झडप नाजूक झाली. घशात पुन्हा तसलेच जंतू शिरले तर झडप आणखी बिघडणार, म्हणून दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन. मोठी होईपर्यंत. तारीख चुकवायची नाही.

आता ते द्यायची रीत ऐक, तुझ्यासाठीच सांगतोय. आधी हातावर, नुसत्या कातडीत, टिपूसभर औषध टोचायचं. त्याभोवती पेनाने गोल काढायचा. पेशंटला बाकावर बसवायचं आणि अर्ध्या तासाने हात बघायचा. गांध उठून गोलाबाहेर पसरली, तर त्या माणसाला ते औषध नाही म्हणजे नाही. नसेल उठली, तर कमरेखाली खोल मांसात द्यायचं. सुई टोचली की आधी दट्ट्या मागे ओढून बघायचं, रक्त तर येत नाही ना, कारण ते दुधासारखं औषध शिरेत गेलं तर माणूस हातचा जातो. दिल्यावर पुन्हा अर्धा तास बाक. आणि शेजारी लाल ट्रे. अंगावर पित्त उठलं, श्वास कोंडला, तर त्या क्षणी द्यायचं औषध त्यात तयार असतं. टेस्ट चांगली आली तरी ट्रे जवळ हवाच, कारण टेस्टसुद्धा कधीकधी दगा देते.

ब्रदरला हे सगळं पाठ होतं. बाकावरून मधेच उठणाऱ्याला तो असा ओरडायचा की शाळेत असल्यासारखे लोक गपकन खाली बसायचे.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला शेवटचा गुरुवार. आभाळात चंद्राचा पत्ता नव्हता आणि कालव्याकडून धुकं चढलं होतं. रात्री नऊच्या सुमाराला बहिणीचा फोन आला.

"दादा, तिची तारीख उलटून पंधरा दिवस झाले रे. आता आणखी थांबायला नको."

"मग आणली का नाहीस? उद्या सकाळी घेऊन ये."

"उद्या तिचा पेपर आहे. आणि तुझं ते बाक नको बाबा, अख्खी सकाळ जाते. तू काय परका आहेस? घरी येऊन दे ना."

त्याने ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घरी नाही, ब्रदर. पेपर झाला की इथे आणा. मधे खंड पडलाय, टेस्ट पुन्हा करू." हा म्हणाला, "हो मॅडम." हो म्हणायला काय जातं? ड्युटी संपल्यावर बॅगेत औषधाची बाटली टाकली, सिरिंज टाकली, टेस्टची बारीक सिरिंज टाकली आणि स्कूटरला किक मारली. लाल ट्रे काही बॅगेत मावत नाही.

असं असतं बघ. परक्याला अर्धा तास बसवणारा माणूस घरच्यांसाठी नियमाला बगल देतो. त्याच्या मनात एकच, आजवर इतकी इंजेक्शनं झाली पोरीला, आज काय व्हायचंय?

वसाहतीच्या रस्त्यावर, कालव्याच्या अलीकडे, एक बंद दवाखाना आहे. शटर गंजलेलं, पाटीचा रंग उडालेला. समोर पेशंटना बसायला सिमेंटचं बाक, तेवढं शाबूत. त्या बाकावर कुणीतरी बसलं होतं.

स्कूटरचा उजेड पडला तसा त्या माणसाने हात पुढे केला. ब्रदरला वाटलं, लिफ्ट हवी असेल. त्याने स्कूटर थांबवली.

"कुठे जायचंय?"

माणसाने नुसतं वर बघितलं. चाळिशीचा असेल. पांढरा शर्ट, डावी बाही कोपरापर्यंत दुमडलेली. तोच हात त्याने पुढे धरला होता, तळवा वर करून. हातावर निळ्या पेनाने गोल काढलेला. आत गांध, लालभडक.

"जरा बघता का?" तो म्हणाला.

ब्रदरने सवयीनेच विचारलं, "टेस्ट कुणी दिली?"

"बसा म्हणाले... बसलोय."

"अहो, पण इथे कोण देतं? हे बंद आहे. माझ्याबरोबर हॉस्पिटलात चला."

माणूस हलला नाही. "जरा बघता का?"

ब्रदरने बघितलं. गांध गोलाच्या रेषेला टेकली होती. तो बॅग सांभाळत स्कूटर स्टँडवर लावायला वळला. वळायला असा कितीसा वेळ लागतो? मान वर केली तर बाक रिकामं.

त्याने इकडेतिकडे हाका मारल्या. धुक्यातून कालव्याच्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता. गेला असेल दारूडा कुठेतरी, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि निघाला. पण दारूडा पेनाने गोल कशाला काढून घेईल, हे काही त्याच्या मनातून जाईना.

बहिणीच्या घरी पोचला तर वसाहतीतले दिवे गेलेले. भाची खिडकीशी कॉटवर पडली होती, उन्हाळा असो की हिवाळा, खिडकी उघडी टाकून झोपायची तिला खोड. डावा हात गजातून बाहेर काढून ठेवलेला.

"आलास बाई एकदाचा," बहीण म्हणाली. "दे पटकन, तिला झोपू दे. सकाळी लवकर उठायचंय."

"टेस्ट करतो आधी."

"टेस्ट? म्हणजे आणखी अर्धा तास? दादा, शंभरदा झालंय रे तिला हे इंजेक्शन. आता काय नवीन होणारे?"

भाची कुशीवर वळली. "मामा, एकदाच टोच. दोनदा नको ना."

आता सांग, काय करेल मामा? विरघळला. म्हणाला, बरं, एकदाच.

बहिणीने मोबाईलचा उजेड धरला. त्याने बाटलीतल्या भुकटीत पाणी सोडलं, बाटली हलवली. दुधासारखं झालं. सिरिंजमध्ये ओढून घेतलं. त्या उजेडात सगळंच करडं दिसत होतं. दट्ट्या मागे ओढल्यावर रक्त आलं, तरी दिसेल का? त्याच्या मनात आलं. पण हात थांबला नाही. स्पिरिटचा कापूस फिरवला. सुईचं टोपण काढलं.

"मामा."

"झालंच गं. अंग सैल सोड."

"मामा, ते काका काय विचारतायत?"

"कोण काका?"

"हे... खिडकीतले."

बहिणीने उजेड खिडकीकडे वळवला. बाहेर धुकं. गज. गजातून बाहेर गेलेला पोरीचा हात. बाकी कुणी नाही.

"झोपेत बडबडतेय," बहीण म्हणाली. पण आवाज जरासा हलला.

"नाही गं आई. ते म्हणतायत..." पोर थांबली. कान दिल्यासारखं करून म्हणाली, "जरा बघता का?"

...

ब्रदरने सुईला टोपण घातलं. त्याने मला नंतर सांगितलं, ते टोपण बसवायला त्याला तीन प्रयत्न करावे लागले. आणि हाताचा हलका म्हणून तर त्याचं नाव होतं.

कारण तो दवाखाना का बंद पडला, हे त्याला तेव्हा आठवलं. तिथे एकाला टेस्ट दिली होती. गोल काढला, बाहेर बाकावर बसवलं. आत गर्दी फार. डॉक्टरांच्या हाताखालच्या माणसाने अर्ध्या तासाने त्याला बोलावलं आणि हात न बघताच पूर्ण इंजेक्शन दिलं. तो बिचारा हात पुढे करत म्हणत होता म्हणे, जरा बघता का... कुणाला वेळ नव्हता. लाल ट्रेसुद्धा नव्हता तिथे. बाकापर्यंतही पोचला नाही तो परत.

"चला," ब्रदर म्हणाला. "दोघीही. हॉस्पिटलात."

"आत्ता? वेड लागलंय का तुला? एवढ्या थंडीत पोरीला..."

"ताई, ऊठ."

धाकट्या बहिणीला तो जन्मात कधी ताई म्हणाला नव्हता. ती बघतच राहिली. मुकाट्याने शाल घेतली.

तिघं एका स्कूटरवर. भाची मधे. धुक्यातून दोन हात पुढचंही दिसेना. बंद दवाखाना आला. त्याने ठरवलं होतं, बघायचं नाही.

बघितलं.

बाक रिकामं होतं.

"आई, मला गार लागतंय," भाची म्हणाली. "हातालाच फक्त."

बहिणीने शाल तिच्या हातावर ओढली.

हॉस्पिटलात उजेड होता. उजेड बघून ब्रदरच्या डोळ्यांत पाणी आलं, हे त्यानेच कबूल केलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्याने जे होतं ते सांगून टाकलं, घरी द्यायला गेलो होतो, टेस्ट न करता देणार होतो. बाई एवढ्या चिडल्या की ओरडल्याही नाहीत. "ट्रे आणा," एवढंच म्हणाल्या. पोरीला दिव्याखाली बसवलं. स्वेटरची डावी बाही वर केली.

आणि थांबल्या.

"ब्रदर, टेस्ट तर दिलेली आहे की."

"नाही मॅडम."

"मग हे काय?"

हातावर निळ्या पेनाने गोल काढलेला होता. सुबक, रेषा कुठेही न तुटलेली. आत सुईची बारीक टोच. आणि गांध... गोल ओलांडून चारी बाजूंनी बाहेर गेलेली. लालभडक.

ब्रदरने बॅग टेबलावर उलटी केली. टेस्टची बारीक सिरिंज तशीच पाकिटात, सीलबंद. त्याच्या खिशात पेन होतं, तेही काळं.

बाईंनी पोरीची नाडी बघितली, श्वास बघितला, छातीला नळी लावली. ट्रे हाताशी ठेवून तासभर तिच्याजवळून हलल्या नाहीत. पोरीला काही झालं नाही. मग केसपेपरवर लाल शाईने लिहिलं की हिला पेनिसिलिन कधीही देऊ नये, आणि झडपेसाठी वेगळ्या जातीच्या गोळ्या सुरू केल्या. शंभरदा सोसलेलं औषधही एकशे एकाव्या वेळी उलटू शकतं, हे बाईंनी बहिणीला नीट समजावून सांगितलं. बहीण बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. ज्या बाकाला इतकी वर्षं नावं ठेवली, त्याच बाकावर पदर तोंडाला लावून रडली. घरी ते इंजेक्शन गेलं असतं तर... पुढचं तिला म्हणवेना. मलाही म्हणवत नाही.

ब्रदरने भाचीला जवळ घेतलं. हळूच विचारलं, "कुणी काढलं गं हे?"

"त्या काकांनी. खिडकीतून. तू बाटली हलवत होतास तेव्हा." ती जांभई देत म्हणाली. "गार होता हात. म्हणाले, माझा कुणी बघितला नाही. तुझा मामाला दाखव."

काय? नाही रे, तो माणूस पुन्हा कुणालाच दिसला नाही. ब्रदर अजून त्याच रस्त्याने जातो. बाकाशी स्कूटर हळू करतो आणि म्हणतो, बघितला हो. एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

गांध सकाळपर्यंत बसली. शाई मात्र गेली नाही. साबण झाला, स्पिरिट झालं, बहिणीने खसाखसा चोळून पोरीची कातडी सोलायची बाकी ठेवली. आता मुलगी कॉलेजात जाते. गोल फिकट झालाय, पण आहे. कुठल्याही दवाखान्यात गेली आणि कुणी इंजेक्शन भरायला घेतलं, की ती तोंडाने काही सांगत बसत नाही.

नुसती डावी बाही दुमडते, आणि हात पुढे करते.