खळीचा दोर

“मामा, नावेच्या दोराची गाठ बदलली!” पहाटेच्या थंडीत उत्तरा ओरडली. “काल मी आपली मागावरची गाठ मारली होती. ही भलतीच आहे! अन् दोर हातभर आखूड!”

“तुझ्याच डोक्यात गाठ पडली!” मधुकरमामा गोधडीतूनच म्हणाले. “झोप वं!”

चौऱ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी होती. परदेशात लोक जोडनावेवर संसार थाटतात आणि समुद्रकाठानं या खाडीतून त्या खाडीत हिंडतात, असं मामांनी पेपरात वाचलं होतं. नागपूरहून समुद्र कुठल्या कुठे! पण हौसेला मोल नसतं. सक्करदऱ्याच्या या विणकरानं रामटेकजवळचा तलाव गाठला, म्हाताऱ्या नानाजी ढिवराचे, म्हणजे तिथल्या मासेमाराचे, दोन डोंगे मागून घेतले, ते शेजारी-शेजारी जोडले आणि वर बांबूची ताटी टाकली. डोंगा म्हणजे एकाच खोडातून कोरलेली नाव. तेरा वर्षांची उत्तरा आणि तिचा धाकटा भाऊ किसना मामांसोबत चार दिवस त्यावरच राहणार होते. एका काठाला चूल, दुसऱ्या काठाला मुक्काम!

पहिल्याच दिवशी नानाजींनी नाव बांधायचा दोर हुंगून पाहिला होता. “मधुकरराव, हा पाण्यात नका टाकू. माझा अंबाडीचा घ्या.”

“चार पिढ्यांचे विणकर आहो आम्ही!” मामा हसले होते. “सुताचा पीळ, वरून भाताची खळ! हत्ती बांधा गा याले!”

विणकराच्या घरी खळ न लावलेलं सूत उघडंबोडकं समजतात. मामांनी दोरालाही खळ पाजली होती. नानाजी आपला दोर खांद्यावर टाकून निघून गेले.

गाठ बदललेली दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना उत्तरा डोळे ताणून बसली. काठाशी कमरेएवढ्या पाण्यात नानाजी उभे होते आणि त्यांच्या हातात तोच दोर होता!

“किसना, ऊठ! चोर सापडला! मामा, नानाजी दोर सोडून राहिले!”

मामा ताडकन उठले. “काहून गा नानाजी? पोरं झोपली असताना?”

“मधुकरराव, ऐका तरी...”

“काही ऐकायचं नाही मले! उद्यापासून इकडे फिरकू नका!”

नानाजींनी एकदाच उत्तराकडे पाहिलं आणि ते निघून गेले. किसनानं तिच्या पाठीत धपाटा घातला. “वा गं, जासूस!” उत्तराची मान ताठ झाली.

पुढच्याच पहाटे धाडकन आवाज झाला! नाव तलावाच्या मधोमध होती आणि बुडालेल्या झाडाच्या खुंटावर आदळली होती. डावा डोंगा उभा चिरला आणि त्यात भसाभस पाणी शिरलं.

“किसना, बांबू घे! ढकल!” उत्तरा ओरडली. मामांना पोहता येत नव्हतं, ते ताटी घट्ट धरून बसले. उजव्या डोंग्यानं कसंबसं तिघांना तोलून धरलं. किसनानं बेंबीच्या देठापासून हाक मारली, “नानाजी!”

आणि नानाजी आले. आपल्या गळक्या छोट्या डोंग्यातून त्यांनी तिघांना काठाला ओढून आणलं. काठावर ढिवरांची सगळी वस्ती जमली होती.

“आता तर दोर कापलाच कोणीतरी!” मामा गरजले.

उत्तरानं दोराचं टोक पाण्यातून वर ओढलं. ते कापलेलं नव्हतं. सूत कुरतडून कुरतडून केसाएवढं झालं होतं आणि त्याला आंबूस वास येत होता.  तिनं टोक पुन्हा पाण्यात सोडलं. मिनिटभरात मासोळ्या जमल्या आणि लचके तोडू लागल्या!

“मामा, आपली खळ भाताची आहे. मासोळ्या दोर खाऊन राहिल्या!” तिनं टोक वर काढून मामांपुढे धरलं. “रोज पहाटे दोर तुटत होता. रोज नानाजी नाव ओढून आणत होते अन् उरलेल्या दोरानं बांधत होते. म्हणून गाठ त्यांची. म्हणून दोर आखूड.”

मामांचा चेहरा उतरला. त्यांनी नानाजींपुढे हात जोडले. “चुकलो गा मी. डोंगा भरून देईन.”

“कसा भरून द्यान?” नानाजी चिरलेल्या लाकडावरून हात फिरवत म्हणाले. “माझ्या पोरानं, रुपरावनं कोरला होता, खाणीत कामाले जायच्या आधी. एवढं खोड आता मिळत नाही.”

 मग कोणीतरी म्हणालं, “पण पोरीनं डोकं चालवलं बाप्पा! शाबास!” मामांनी मान डोलावली. खुद्द नानाजीही म्हणाले, “हुशार आहे पोरगी!”

अशी शाबासकी उत्तराला कधी मिळाली नव्हती, आणि कधी इतकी बोचलीही नव्हती. ती नानाजींच्या जवळ गेली.

“नानाजी, मी तुमच्यावर आळ घेतला. नीट न पाहता.”

“पाहिलं तर होतं वं तू,” म्हातारा म्हणाला. “विचारलं नव्हतं.”

नानाजी रागावले नव्हते, म्हणून तिला जास्त रडू आलं. दुपारी तिनं उरलेला उजवा डोंगा काठाला बांधला. दोर अंबाडीचा होता. गाठ मारण्याआधी ती नानाजींकडे वळली.

“तुमची गाठ कशी मारतात, नानाजी?” तिनं विचारलं.