चाळीस तास नामंजूर

हर्षदा ऑफिसातून आली, तेव्हा दुर्वा पाटणेकाकूंच्या खांद्यावर पेंगत होती. पायातल्या वाळ्यावरचा बारीक दिवा हिरवा होता. हर्षदानं लेकीला घेतलं, कुशीत धरलं, आणि दिवा पिवळा झाला.

"भूक लागली असेल," काकू घाईनं म्हणाल्या.

"आत्ताच भरवलंत ना?"

काकू दुपट्याची घडी घालू लागल्या.

विश्रामबागेतल्या बऱ्याच घरांत आता अशी कर-आजी येई. नोकरीत असताना पेन्शनसाठी जी वर्गणी कापली जाई, तिच्यावर कर नव्हता. तो द्यायचा पुढे, पेन्शन हातात येऊ लागल्यावर. हवा तर पैशांनी, हवा तर कुणा नोकरदाराचं मूल सांभाळून, तासांनी. पण बाळाला रडत ठेवून टीव्ही बघितलेला तास कोण धरणार? म्हणून हा वाळा. नाडी आणि श्वास मोजून बाळ निवांत आहे की नाही, हे तो दिव्याच्या रंगानं सांगे. मात्र तापानं गुंगलेलं बाळही निवांतच दिसतं, म्हणून शेवटचा शब्द आईचा.

वाळा आई घरी आल्यावरही मोजत राही. काकूंजवळ दुर्वा शहाण्णव टक्के वेळ निवांत, आईजवळ एकाहत्तर. हर्षदानं काकूंचं खोबरेल लावून पाहिलं. त्यांच्यासारखं मऊ सुती लुगडं नेसून बसली. "आज हळदीकुंकू आहे का?" तिच्या नवऱ्यानं, नचिकेतनं विचारलं.

"थट्टा नको. माझ्याजवळ ती निवांत नसते."

"अगं, तुला बघून खुलते ती. नाडी वाढणारच."

"तुझा आकडा किती?"

"अठ्ठावन्न."

"मग तू बोलूच नकोस."

आज काकूंचे वर्षाचे तीनशे तास पुरे झाले होते. हर्षदानं फोनवर 'मंजूर' म्हटलं की त्या मोकळ्या. पुढच्या वर्षी दुसरं घर, दुसरं बाळ. या दिवसाची तिनं किती वाट पाहिली होती!

"हर्षदा, एक मागू?" चपला घालता घालता काकू थांबल्या. "शेवटचे चाळीस तास नामंजूर कर."

"अहो, पुन्हा भरावे लागतील!"

"इथंच भरायचे असतात. नियम आहे."

"त्यापेक्षा अशाच येत जा की." ती म्हणाली खरी, पण त्यात जीव नव्हता. दोघींनाही ते कळलं.

"येईन ग, चार दिवस. मग तू म्हणशील आज पाहुणे आहेत, आज बाळ झोपलंय. तुझा दोष नाही. मीही सासूबाईंना असंच टाळायची. कर म्हटला की दार उघडावंच लागतं."

हर्षदा हसली नाही. एका हातानं लेकीला सावरत तिनं फोन उघडला. कारण लिहायचं होतं. 'बाळ यांच्याजवळ अस्वस्थ असते,' तिनं लिहिलं. मग, 'झोपेत दचकते.' मग, 'यांना पाहताच रडते.'

काकूंनी चष्मा लावून वाचलं. त्यांचा चेहरा उतरला. "चाळीस तासांना पहिली ओळ पुरली असती."

"पटायला नको का करखात्याला?" म्हणत हर्षदानं ते पाठवूनही दिलं.

"बरं. उद्या नऊला येते," काकू म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

कितीतरी महिन्यांत हर्षदाला इतकं हलकं वाटलं नव्हतं. काकूंचं मन राखलं होतं, लेकीची माया तुटू दिली नव्हती. पण हे त्या दोघींसाठीच केलं असेल, तर शेवटच्या दोन ओळी लिहिताना बोटं इतकी भरभर का चालली होती?