कर कचेरीत भेटलेला नवरा

पाठमोरी मान ओळखीची वाटली... आणि शोरेना दारातच थबकली.

एप्रिल संपत आला की पोलंडमधल्या अख्ख्या वूच शहराला एकदम आठवतं, अरे, कराचं विवरणपत्र भरायचं राहिलंय! कर कचेरीच्या दालनात बसायला जागा नव्हती. कोटांवरून पाऊस निथळत होता, ओल्या लोकरीचा वास सुटला होता. आणि त्या गर्दीत, खिडकीजवळच्या खुर्चीवर, कानामागे तीळ असलेली ती मान... वाझाची. तिच्या नवऱ्याची!

पण तो तर घरी झोपलेला असायला हवा होता. रात्रभर कारखान्यात वॉशिंग मशीन जोडून पहाटे आला होता. आणि शोरेना तरी काय, बेकरीत जादा पाळी आहे अशी थाप मारूनच निघाली होती. मागच्या मागे सटकावं म्हणून ती वळली, तेवढ्यात तोही वळला.

“तू?”

“तू?”

“बेकरी इथे हलवली का गं?”

“आणि तुझी झोप? ती इथेच लागते वाटतं?”

वाझाचे कान लाल झाले. त्याने शेजारच्या खुर्चीवरचा कोट उचलला. “बस. वेळ आहे अजून नंबराला.”

ती बसली. खांद्याला खांदा लागला. दिवसाउजेडी, दोघंही जागे असताना इतक्या जवळ ते शेवटचे कधी बसले होते, तिला आठवेना. तो यायचा तेव्हा ती निघालेली असायची. त्याच्यासाठी ताटाखाली झाकलेली चीजची पोळी, तिच्यासाठी त्याने बादलीत ठेवलेली फुलं... सगळा संसार असा एकमेकांच्या पाठीमागे चालला होता.

लग्नही असंच घाईत झालेलं. वाझा द्राक्षांच्या तोडणीला जॉर्जियातल्या गावी आला, त्याच्या आईने शोरेनाच्या काकीला विचारलं, आणि बघता बघता चर्चमध्ये दोघांच्या डोक्यावर मुकुट चढले. गावाने तीन दिवस दारू प्यायली. सरकारी सही सोमवारी करायची होती, पण नोंदणी कचेरी बंद निघाली आणि मंगळवारी वाझाचं विमान. कोणाला त्याचं काहीच वाटलं नाही. शोरेनाच्या आईने तर दोन मुलं झाल्यावर सही केली होती! गेल्या वसंतात शोरेना पोलंडला आली ती स्वतःच्या कामाच्या कागदावर. लग्नाचा कागद कोणी मागितलाच नाही.

मागितला तो बेकरीतल्या बोझेनाने. “नवऱ्याबरोबर एकत्र भर गं विवरणपत्र, पैसे परत मिळतात,” ती पीठ मळता मळता म्हणाली. “लग्न नोंदवलंय ना पण?” तेव्हापासून शोरेनाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. कायद्याच्या हिशेबी ती वाझाची कोणीच नव्हती. पैसे गेले खड्ड्यात. त्याला हे कळलं तर? आईने गळ्यात बांधलेली बायको... तो सुटकेचा श्वास तर नाही टाकणार? आणि मेली ती, नेमकी याच वर्षात त्याच्या प्रेमात पडून बसली होती. पार बुडाली होती. म्हणूनच आज ती गुपचूप, एकटीच आपलं विवरणपत्र भरायला आली होती.

“कशाला आलीस पण?” वाझाने हळूच विचारलं.

“असंच... चौकशीला. तू?”

“मीही. असंच.”

“थापाड्या.”

“तू शिकवलंस.”

ती हसली. त्याचा हात खुर्चीच्या दांड्यावर तिच्या हाताजवळ आला... थांबला... आणि खिशात गेला. तेवढ्यात फलकावर वाझाचा नंबर लागला आणि दोघंही उठले.

काउंटरवरच्या याद्विगाबाईंनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. “नवरा-बायको? एकत्र भरणार की वेगवेगळं? आणि एकत्र म्हणालात तर खालचं वाचा. कायद्याने विवाहित आहोत असं सही करून सांगताय. खोटं निघालं तर माझ्याकडे रडत येऊ नका.”

वाझाने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. तो शोरेनाकडे बघत राहिला. तिची नजर त्या खालच्या ओळीवर खिळली. परक्या देशात खोटी सही...

“वेगवेगळं,” ती म्हणाली.

“अगं बाई, नुकसान आहे त्यात. तुझी कमाई कमी—”

“वेगवेगळंच.”

वाझाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने आपल्या विवरणपत्रावर सही केली, तिने तिच्या. बाईंनी दोन शिक्के मारले.

बाहेर पाऊस तिरपा लागत होता. तो छत्री न उघडताच चालू लागला.

“वाझा! थांब ना...”

“कोणी सांगितलं तुला?” तो वळला. “सहीशिवाय कायद्याने आपलं लग्न झालेलंच नाही, हे?”

“तुला... माहीत आहे?”

“मला नाही तर कोणाला असणार? कचेरी बंद नव्हतीच त्या सोमवारी.”

“काय?”

“उघडी होती. मी दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. घरी खोटं बोललो.” पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं, पुसायचंही सुचत नव्हतं त्याला. “चर्चमध्ये तुझे हात बर्फासारखे गार होते गं. वाटलं, या मुलीला कोणी विचारलंय का? ती येऊ दे, मला बघू दे. नाही पटलो, तर कोर्टाच्या पायऱ्या न चढता जाता यावं तिला.”

“आणि मग? आल्यावर का नाही सांगितलंस?”

“मग तू आलीस...” तो अडखळला. “घरभर पावाचा वास यायला लागला. उशीवर तुझा केस सापडायचा. सांगितलं आणि गेलीस तर? आजही विचारायला आलो होतो, आपलं लग्न कागदावर आणायचा काही मार्ग आहे का... तुझ्या नकळत. पण तू तर वेगवेगळं म्हणून मोकळी झालीस.”

शोरेनाने त्याच्या छातीवर मूठ मारली. चांगली जोरात.

“गाढवा! खोटी सही केली तर तुला पकडतील म्हणून म्हणाले मी! रोज रात्री जीव टांगणीला लागलाय माझा, याला कळलं तर हा सोडून जाईल म्हणून! मोकळं ठेवलं म्हणे! मी मागितलं होतं मोकळेपण?” तिला रडू फुटलं. “माझे हात गार होते ते थंडीने. चर्चमध्ये शेकोटी होती का?”

वाझाला हसू आलं, आणि हसता हसता त्याचेही डोळे भरले.

“मग... काय करायचं आता?”

“विचार की. आजवर तू कुठे विचारलंयस? तुझ्या आईने विचारलं, माझ्या काकीने हो म्हटलं.”

ट्रामच्या थांब्यावरची माणसं बघायला लागली होती. बघू देत! वाझाने तिचे दोन्ही हात धरले.

“शोरेना, माझ्याशी लग्न करशील? वॉर्सात आपल्या वकिलातीत लागतं म्हणे. तू मला आवडतेस. फार म्हणजे फारच.”

“करीन,” ती म्हणाली. “उद्याच्या उद्या.”

दीड वर्षात पहिल्यांदाच भर रस्त्यात त्याने तिला जवळ घेतलं. ती त्याच्या ओल्या कोटात शिरली आणि कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मग त्याने एका हाताने तिला तसंच धरून कारखान्याच्या मुकादमाला फोन लावला. “आज रात्री नाही जमणार यायला. माझं लग्न ठरलंय.”

“तुझं?” मुकादम खेकसला. “तुझं तर झालंय ना रे?”

“ते गावाने लावलं होतं. हे मी ठरवलंय.”

शोरेनाने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

“आम्ही,” ती म्हणाली. “आम्ही ठरवलंय.”