चार वाजताचे जादा कण

दिवसातून दोनदा, पहाटे चारला आणि दुपारी चारला, खारेबंदरच्या टेकडीवर आकाशातून काहीतरी जरा जास्त पडतं. पाऊस नव्हे, मे महिन्यात कसला पाऊस! ते दिसत नाही, लागत नाही, आणि छत्री उघडली तरी छत्रीतून, डोक्यातून, चपलेतून आरपार जमिनीत शिरतं. पण मोजायला बसलं, तर चारच्या सुमारास हमखास जास्त भरतं. का बरं?

हा प्रश्न मला पडला तो २०४१च्या उन्हाळ्यात. मी सहावी संपवून सातवीत जाणार होते. आमच्या टेकडीवर भौतिकशास्त्राचं एक संशोधन केंद्र आहे. दर उन्हाळ्यात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची बारा मुलं-मुली तिथे सहा आठवडे राहायला येतात. प्रत्येकाला एक खराखुरा प्रश्न मिळतो, ज्याचं उत्तर कुठल्याही गाइडात छापलेलं नसतं. केंद्राच्या प्रमुख काझी मॅडम यांचा एक नियम मात्र मोठा खाष्ट आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने आपलं काम गावातल्या एका शाळकरी पोराला समजावून सांगायचं, आणि अहवालाच्या शेवटी त्या पोराने ‘मला समजले’ असं लिहून सही करायची. सही नाही, तर अहवाल अपूर्ण. गावात आम्हाला ‘सहीवाले’ म्हणतात. मी, उर्वी मेथर, त्या वर्षी पहिल्यांदाच सहीवाली झाले होते, आणि माझा रुबाब काही विचारू नका!

माझ्या वाट्याला आली प्रांजलताई वानखेडे, बुलढाण्याकडच्या मेहकरची. समुद्र तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो आमच्या गावात. “येवढं पाणी, अन् प्यायले एक घोट नाही!” असं म्हणून तिने कपाळाला हात लावला होता.

पहिल्याच दिवशी तिने मला तळहात उताणा धरायला लावला.

“काही लागलं?”

“नाही.”

“आतापावेतो पाच-सहा म्युऑन गेले तुझ्या हातातून.”

मी झटकन हात मागे घेतला. ती हसत सुटली, आणि मग तिने नीट समजावलं. अवकाशातून फार वेगवान कण पृथ्वीकडे सारखे येत असतात. त्यांना वैश्विक किरण म्हणतात. ते खूप उंचावर हवेला धडकतात आणि त्या धडकेतून नवे कण तयार होतात. म्युऑन (इलेक्ट्रॉनचा दोनशेपट जड भाऊबंद) हा त्यांतलाच एक. तो छपरातून जातो, खडकातूनही जातो. पण खडक जितका जाड, तितके जास्त म्युऑन वाटेतच अडकतात. म्हणून टेकडीखाली यंत्र ठेवून म्युऑन मोजले, तर टेकडीच्या पोटात पोकळी कुठे आहे ते न खणता कळतं.

“पण आधी उघड्या आभाळातून तासाला किती येतात, हे पक्कं माहीत पाह्यजे ना? तो एक आकडा काढायचा. हेच माझं सहा आठवड्यांचं काम.”

तिचं यंत्र म्हणजे जेवणाच्या टेबलाएवढी, काळ्या कापडात गुंडाळलेली प्लॅस्टिकची लादी. म्युऑन आरपार गेला की लादीच्या आत बारीकशी प्रकाशाची ठिणगी पडे, आणि ती बावन्न मोजत असे. बावन्न म्हणजे केंद्राचा यंत्रमानव. छातीवर ५२ आकडा, आवाज मास्तरांसारखा, आणि सांगकाम्या तो किती! तासाला साधारण सहा लाख ठिणग्या भरत. त्यांचा आलेख (आकड्यांवरून काढलेली रेघ) सरळ यायला हवा होता. पण रोज त्या रेघेला दोन फुगवटे येत. चारच्या सुमाराला तीनेक हजार ठिणग्या जास्त, पहाटे आणि दुपारी, न चुकता.

“यंत्राचाच काही लोचा हाय,” प्रांजलताई म्हणायची. तिने तारा बदलल्या, कापड बदललं. फुगवटे काही हटले नाहीत.

आणि पाचव्या आठवड्यात मी गेले, तर आलेख एकदम सरळ! पट्टीने आखल्यासारखा.

“फुगवटे कुठे गेले?” मी विचारलं.

“इस्त्री केली.” ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. “बावन्नला सांगितलं, जास्तीचे तास काढून टाक.”

“पण का?”

“अवं, आमच्या कॉलेजात लंबकाचं प्रॅक्टिकल असते. गुरुत्वाकर्षणाचा आकडा नऊ पूर्णांक आठ आलाच पाह्यजे. नाही आला, तर उत्तरावरून मागं मागं येत रीडिंग जुळवाचे. समदेच करतात. सोमवारी अहवाल द्यायचा हाय, उर्वी. साडेतीनशे पोरांनी अर्ज केले होते, त्यातून मले घेतलं. आमच्या कॉलेजातून इथं येणारी मी पहिली. अन् मी काय सांगू, की मले एक आकडाबी काढता आला नाही?”

तिने अहवाल माझ्यापुढे सरकवला. मी पेन उघडलं आणि परत बंद केलं. मला फार वाईट वाटत होतं, पण ‘मला समजले’ असं लिहिणार कसं? मला तर काहीच समजलं नव्हतं.

“मी सही नाही करणार,” मी म्हटलं.

ती अशी चिडली म्हणता! “बारा वर्षांची पोरगी मले शिकवते!” असं म्हणत तिने खुर्ची मागे ढकलली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मलाही रडू येत होतं. थोड्या वेळाने तिने ओढणीने तोंड पुसलं आणि विचारलं, “बावन्न, जुने आकडे पुसले का रे?”

“मूळ नोंदी मी कधीच पुसत नाही,” बावन्न म्हणाला. “कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही.”

फुगवटे पुन्हा पडद्यावर आले. दिवसातून दोनदा, दिवसातून दोनदा. मी ओरडलेच, “ताई, ही भरती आहे! समुद्राला पण दिवसातून दोनदाच भरती येते!”

“अन् ती कधी येते, ते कसं ओळखाचं?”

ते तर आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. माझा आजो चाळीस वर्षं होडीवर होता. तो म्हणतो, “तिथीची पाऊणपट कर, भरती सापडात.” म्हणजे सप्तमी असेल तर सातची पाऊणपट सव्वापाच. अष्टमीला सहा. रोज पाऊण तास पुढे. कारण समुद्राला खेचतो मुख्यतः चंद्र, आणि चंद्र रोज तेवढाच उशिरा उगवतो.

आम्ही पंचवीस दिवसांचे फुगवटे एकाखाली एक मांडले. भरती असती, तर ते रोज पाऊण तास पुढे सरकले असते. पण ते जिथल्या तिथे! पहिल्या दिवशी चार, पंचविसाव्या दिवशीही चार. माझा तर्क साफ आपटला.

मी हिरमुसले, पण प्रांजलताई ताडकन उभी राहिली. “म्हणजे चंद्र नाही. मग घड्याळाच्या वेळेवर कोण चालते? सूर्य! थांब. म्युऑन वरून येते, यंत्र खाली हाय. मधात काय हाय?”

“छप्पर?”

“छप्पर रोजचंच. अजून?”

मी वर पाहिलं. “हवा!”

“बावन्न, हवेचा दाब दाखव!”

हवेचा दाब म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं वजन. बावन्नने दाबाची रेघ म्युऑनच्या रेघेखाली काढली आणि आम्ही दोघी पडद्यावर वाकलो. जिथे म्युऑनचा फुगवटा, बरोबर तिथे दाबाचा खड्डा. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला दाब जास्त, म्युऑन कमी. चारच्या सुमाराला दाब कमी, म्युऑन जास्त. डोक्यावर हवा कमी असली, की वाटेत अडकणारे म्युऑनही कमी. यंत्र बिचारं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं! सूर्य हवेला वरपासून तापवतो आणि त्या तापण्याने सगळं वातावरण दिवसातून दोनदा हेलकावतं. हवेलाही भरती-ओहोटी असते, फक्त ती चंद्राचं नाही, सूर्याचं ऐकते. मग मी सही केली, आणि ‘मला समजले’च्या खाली जाडजूड रेघही ओढली.

सोमवारी सगळे सभागृहात जमले. प्रांजलताईने आधी लावला तो इस्त्री केलेला आलेख. “हा खोटा हाय,” ती म्हणाली, “अन् तो मी केला होता.” मग तिने खरा आलेख लावला, दाबाची रेघ लावली, आणि दाबामुळे झालेला फरक वजा करून आपला आकडा सांगितला. आता रेघ खरोखरच सरळ आली होती.

काझी मॅडम चष्मा वर करून पडद्याजवळ गेल्या. “जवळजवळ सरळ. हे दुपारी इथे जरासं उचललं गेलंय, ते काय?”

एवढं करूनही एक बारीकसा फुगवटा उरलाच होता. प्रांजलताईने तो नीट निरखून पाहिला.

“माहीत नाही, मॅडम.”

“माझा एक अंदाज आहे,” काझी मॅडम म्हणाल्या, “पण तो मी सांगणार नाही. तू शोधायचास.”

सभा सुटल्यावर ती पायरीवर बसून फोनवर बोलत होती. आनंदाने तिचा आवाज टिपेला गेला होता.

“हो आई, पुढच्या उन्हाळ्यातबी बोलावलं मले! कायले म्हणजे? अवं, मले एक गोष्ट माहीत नाही, म्हणून!”