सेंट जॉनच्या घरातली हाक

जे घडलं तेच सांगतेय. पदरचं काही घातलेलं नाही. पटलं तर ठेवा, नाही पटलं तर एक गोष्ट वाचली म्हणून सोडून द्या.

राधिका माझी मावसबहीण. मूळची नागपूरची, आता अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला एका कंपनीत डेटाचं काम करते. अंगारे-धुपारे, नजर, भुतं असलं काही तिच्यासमोर काढलं की तिची एक भुवई वर जाते. म्हणून तर तिने हे सांगितलं तेव्हा मी हसले नाही.

गेल्या जानेवारीची गोष्ट. ठिकाण सेंट जॉन, कॅरिबियन समुद्रातलं चिमुकलं बेट. घर कुठलं ते सांगणार नाही, कारण तिथे अजून लोक उतरतात.

आणि वेळ रात्रीची नव्हती.

भर दुपारची होती.

डब्लिनच्या मराठी मंडळात कुणालाही त्या बेटावर जायचं असलं की आधी फोन जातो नीलाकाकूंना. काकूंचा सल्ला सुरू झाला की चहा गार होतो. जीप लवकर बुक करा. विमान शेजारच्या मोठ्या बेटावर उतरतं, किराणा तिथेच भरा आणि मग बोटीत बसा. तिथल्या घरांत पावसाचं साठवलेलं पाणी असतं, तेव्हा शॉवरखाली गाणी म्हणत बसू नका. बेट अमेरिकेचंच आहे, पण परतताना विमानतळावर कागद बघतात, म्हणून पासपोर्ट घरी ठेवून जायचा शहाणपणा करू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे कुणाशीही बोलण्याआधी गुड मॉर्निंग म्हणायचं. दुकानात शिरून थेट दूध कुठे आहे विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

काकू आणि जगन्नाथकाका दर जानेवारीत तिथे जायचे. दरवेळी तेच घर. काका गेले ते बेटावर नाही, डब्लिनमध्ये, आपल्या घरी, आपल्या खुर्चीत. हार्ट अटॅकने. पुढच्या जानेवारीत काकू एकट्या बेटावर गेल्या. त्याच्या पुढच्या जानेवारीतही. मंडळात सगळ्यांना कौतुक वाटलं, बाई खमकी आहे म्हणून.

या वेळी मात्र काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं. त्यांचा मुलगा यश ट्रॉय नावाच्या दुसऱ्या शहरात असतो. एकटीने जायचं नाही म्हणून त्याने फोनवर डोकं फोडलं, पण काकू हटेनात. शेवटी त्याने राधिकाला गळ घातली. ती काकूंच्या मागच्याच गल्लीत राहते, तेव्हा रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चक्कर असायची. तिची सुट्टी साठलेली होती, आणि पासपोर्टवर नव्या व्हिसाचा स्टॅम्प नसल्यामुळे अमेरिकेबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. बेट अमेरिकेचंच, तिथे स्टॅम्पिंगची भानगडच नव्हती. ती हो म्हणाली.

"फक्त आईला नीट परत आण," यश म्हणाला. "बाकी काही नको."

राधिकाने शब्द दिला.

घर डोंगराच्या उतारावर होतं. समोर डेक आणि खाली निळाशार समुद्र. डेकच्या कठड्यावर नारळाच्या करवंटीत साखर ठेवली की पिवळ्या पोटाचे इवले इवले पक्षी जमायचे आणि दिवसभर नुसता कलकलाट. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून दगडी पायऱ्या झाडीत उतरत होत्या. पण त्या पायऱ्या कुठेच जात नव्हत्या. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळात खालचा भाग वाहून गेला होता. अर्ध्यातच पायऱ्या संपायच्या आणि पुढे सरळ कडा. मालकाने वरच एक पिवळा दोर बांधून ठेवला होता.

सामान लावता लावता काकूंनी आणखी एक सल्ला दिला.

"इथे तुला कुणी नावाने हाक मारली, आणि आधी गुड मॉर्निंग म्हटलं नाही, तर ओ द्यायची नाही."

राधिकाला हसू आलं. काकू हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. काकू मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. चिरता चिरता तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. कळेना काय ते. मग लक्षात आलं...

पक्षी गप्प झाले होते.

सगळे. एकदम.

आणि मग खालून, त्या अर्धवट पायऱ्यांच्याही खालून, आवाज आला...

"नीलू..."

पुरुषाचा आवाज. शांत. घरातल्या माणसाचा असावा तसा.

"काकू, कुणीतरी..." राधिकाने सुरुवात केली. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"नीलू... अगं, खाली ये."

राधिकाच्या हातातली सुरी तशीच राहिली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. मंडळाचा गणपती भाड्याने घेतलेल्या शाळेत झाला की तिथल्या पार्किंगमध्ये उभं राहून जगन्नाथकाका एकेकाला गाडी मागे घ्यायला मदत करायचे. येऊ दे, येऊ दे... बस्स. आणि गाडीच्या पाठीवर दोन थापा. प्रत्येक गाडीला कॅमेरा असतो काका, म्हणून पोरं चिडवायची. काका काही ऐकायचे नाहीत.

तोच आवाज होता.

थोड्या वेळाने पक्षी पुन्हा ओरडू लागले. काकूंनी डोळे उघडले आणि पोहे भिजवलेस का विचारलं.

त्या संध्याकाळी राधिकाने त्यांना बोलतं केलं. काका गेल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत काकूंनी ही हाक ऐकली होती. रोज येते, दुपारचीच येते. त्या ऐकतात, ओ देत नाहीत.

"ते नाहीत गं ते," काकू म्हणाल्या. "मला कळतं. ह्यांना या बेटाची इतकी सवय लागली होती, सकाळी उठल्यावर मलासुद्धा आधी गुड मॉर्निंग म्हणायचे, मग चहा मागायचे. हा आवाज कधीच म्हणत नाही."

"मग येता कशाला काकू?"

"आवाज तर त्यांचाच आहे ना."

राधिकाला त्यांची दया आली आणि तेवढीच भीतीही वाटली. तिने घराचा कोपरा न् कोपरा तपासला. कुठे स्पीकर नव्हता. मालकाला फोन केला. त्या घरात कधी कुणी वारलेलं नव्हतं, जागेबद्दल काही ऐकिवातही नव्हतं. माणूस मनापासून बोलत होता. तिने तिकिटं बदलून लगेच परत जाऊ म्हटलं, तर काकूंनी अशी नजर टाकली की विषय तिथेच संपला.

मग दुसऱ्या दिवशी जीपचं झालं.

बेटावर गाड्या डावीकडून चालवतात, पण स्टिअरिंगही डावीकडेच. म्हणजे ड्रायव्हर बसतो थेट दरीच्या बाजूला. घरासमोरची वाट चिंचोळी, गाडी मागे घेतल्याशिवाय वळत नव्हती, आणि जुन्या जीपला कॅमेरा नव्हता. राधिका घाबरत घाबरत गाडी मागे घेत होती. काकू डेकवर. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं.

"येऊ दे... येऊ दे..."

ती मागे घेत राहिली. इतक्या सवयीचा आवाज. डोक्यात काही आलंच नाही.

"येऊ दे... येऊ दे... बस्स."

आणि जीपच्या पाठीवर...

थाप. थाप.

तिने ब्रेक गच्च दाबला, हँडब्रेक ओढला आणि उतरून मागे गेली. मागे कुणी नव्हतं. मागचं चाक कड्याच्या कडेवर होतं. खालची माती सुटून घरंगळत होती.

तिने वर पाहिलं. काकू कठड्याला धरून उभ्या होत्या.

"कड्यापर्यंत नेलं मला त्याने," राधिका म्हणाली.

"पण बस्स म्हणाले ना," काकू म्हणाल्या.

म्हणाले. काल काकूंच्या लेखी ते काका नव्हते. आज होते. राधिकाला कळून चुकलं की जीपपेक्षा हे जास्त वाईट आहे.

त्यानंतर तिने काकूंना क्षणभरही नजरेआड होऊ दिलं नाही. त्यांच्या खोलीत झोपली. दुपार झाली की मागचं दार लावून किल्ली खिशात ठेवली. दाराबाहेरून हाक यायची, काकू आत बसून ऐकायच्या, आणि राधिका त्यांचा हात धरून बसायची. एकदा काकू म्हणाल्या, आता या गुडघ्याने पुढच्या वर्षी येणं होईल असं वाटत नाही. राधिका मनात म्हणाली, देव पावला.

निघायचा दिवस उजाडला. दुपारची बोट होती. राधिका बॅगा जीपमध्ये टाकत होती. शेवटची बॅग उचलली आणि तिला ऐकू आलं...

म्हणजे, काहीच ऐकू आलं नाही.

पक्षी गप्प होते.

ती घरात धावली. किल्ली घर सोडताना म्हणून टेबलावर काढून ठेवलेली होती. आता ती दाराला होती. दार उघडं. काकूंची काठी खुर्चीला टेकवलेली. पिवळा दोर सोडून बाजूला टाकलेला.

आणि काकूंचा आवाज. नव्या नवरीसारखा हलका.

"आले हं."

काकू पायऱ्या उतरत होत्या. काठीशिवाय. शेवटच्या पायऱ्यांपाशी पोचल्या होत्या. झडप घालून धरावं तर दचकून पडतील. राधिकाला दुसरं काही सुचलं नाही. तिने हाक मारली.

"काकू, या इकडे. मी न्यायला आलेय."

काकू थांबल्या.

"नीलू..." खालून.

"काकू, या इकडे. मी न्यायला आलेय तुम्हाला. राधिका."

"नीलू... ये."

किती वेळ चाललं ते तिला आजही सांगता येत नाही. वरून ती, खालून तो, आणि मध्ये साठी ओलांडलेली एक बाई, एक पाय शेवटच्या पायरीवर. राधिका ओरडत राहिली. घसा बसला, नुसता फाटका आवाज येऊ लागला, तरी तेच म्हणत राहिली. काकू, या इकडे.

काकू वळल्या.

एकेक पायरी चढून वर आल्या आणि त्यांनी राधिकाचा हात धरला. हात बर्फासारखा गार होता. खालचा आवाज थांबला होता. पण राधिकाला वाटलं, तो गेलेला नाही. तो ऐकतोय.

विमानतळावरच्या ऑफिसरला काकू स्वतःहून गुड आफ्टरनून म्हणाल्या. विमानात थोडं रडल्या, मग झोपल्या. डब्लिनजवळच्या कोलंबस विमानतळावर यश घ्यायला आलेला होता. त्याने राधिकाला मिठी मारली, थँक्यू यार म्हणाला. तिने त्याला सगळं सांगितलं. त्याला वाटलं, आईला बाबांची आठवण येते, बिचारीचं मन थाऱ्यावर नाही. राधिकाही तसंच समजू लागली. माणसाला रात्री झोपायचं असतं, काहीतरी मानून घ्यावंच लागतं.

मार्चमध्ये एका शनिवारी यश आईकडे आलेला होता. दुपारी राधिकाचा फोन वाजला.

"तू खाली काय करतेयस?" यशने विचारलं.

"खाली कुठे?"

"बेसमेंटमध्ये. आईला खाली कशाला बोलावतेस, तूच वर ये ना."

"यश, मी माझ्या घरी आहे. कपडे धुतेय."

यश अगदी हळू आवाजात म्हणाला, "राधिका, आवाज तुझा आहे."

आणि तिला फोनमधून ऐकू आलं. लांबून. जिन्याच्या तळातून आल्यासारखं. घसा बसलेला, फाटका, तिचा स्वतःचा आवाज...

"काकू, या इकडे. मी न्यायला आलेय."

"आईला धर," राधिका किंचाळली. "यश, आईला धर."

फोन पडल्याचा आवाज आला. त्याच्याही आधी काकूंचा, अगदी जवळून. आले हं.

यशने त्यांना जिन्याच्या दारात धरलं. बेसमेंटमध्ये कुणी नव्हतं. महिन्याभरात त्याने डब्लिनचं घर विकायला काढलं आणि काकूंना ट्रॉयला नेलं. मुद्दाम तळमजल्याचा फ्लॅट घेतला. जिना नाही, बेसमेंट नाही, खाली फक्त जमीन. काकू तब्येतीने छान आहेत. जेवतात, मालिका बघतात, गुडघाही दुखत नाही.

राधिका त्यांना भेटायला जात नाही. फोनही करत नाही, कारण तिचा आवाज काकूंच्या कानावर पडू नये असं यशला वाटतं, आणि तिलाही. ज्या बाईला तिने हाक मारून मरणाच्या दारातून परत आणलं, तिला ती आता हाक मारू शकत नाही. हे सांगताना राधिका माझ्यासमोर ढसाढसा रडली. तिला असं रडताना मी लहानपणीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात यशचा मेसेज आला. तो तिने मला दाखवला, आणि तेव्हापासून माझीही झोप उडाली आहे.

काकूंनी त्याला विचारलं होतं, राधिका रोज दुपारी खालून हाक मारते, मग वर का येत नाही?