आत कोणी नाही

खोटं वाटत असेल तर इथंच थांबा. मी तिथं होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. बिरसीजवळची एक राइस मिल. आणि रात्र नव्हती हो, भर दुपार होती.

मी गुंजन. गोंदियात आम्ही तिघं राइस मिलच्या मशीन चालवणारं सॉफ्टवेअर लिहायचो. मी, माझी मैत्रीण नूतन आणि आमचा साहेब प्रफुल.

कोडमध्ये काही बदललं की ते कमिट करायचं, म्हणजे पक्कं जमा करायचं. त्याआधी नूतननं लिहिलेली तपासणी आपोआप चालायची. धान वर चढवणाऱ्या एलिव्हेटरचं झाकण उघडं असेल तर मोटर सुरू होऊ नये, अशी एक ओळ होती. ती कोणी काढली की तपासणी कोड अडवायची. स्क्रीनवर यायचं...

'थांबा. आत माणूस आहे.'

हंगामात झाकणाचा सेन्सर सारखा बिघडायचा, मिल बंद पडायची. प्रफुल वैतागला. "छोड ना यार, चेक स्किप मार!" म्हणत त्यानं ती ओळच काढली, तपासणी टाळून कमिट केलं आणि मिलच्या मशीनवर चढवलं. नूतनला सांगितलंसुद्धा नाही.

झाकण उघडं आहे, मोटर काही सुरू होत नाही, या भरवशावर नूतन सेन्सर बदलायला एलिव्हेटरच्या खड्ड्यात उतरली.

मोटर सुरू झाली.

प्रफुल सगळ्यांना सांगत सुटला, चूक नूतनचीच. मी खरं सांगितलं, पण माझं ऐकतो कोण!

नूतनच्या तेरवीला तिची आई, शामकलाबाई, त्याच्यासमोर उभी राहिली.

"माही पोरगी त गेली. तिची गलती म्हनून काऊन सांगून रायले? एकडाव खरं बोला."

"गलती उसकीच थी, बाई."

"बरं. मंग नूतनच पाहून घेईल तुमाले."

दुसऱ्या दिवसापासून प्रफुलचं एकही कमिट जाईना. नुसता बटणाचा रंग बदलला तरी...

'थांबा. आत माणूस आहे.'

त्यानं तपासणी डिलीट केली. लॅपटॉप नवा घेतला. तरी तेच! माझं कमिट मात्र गुमान जायचं.

शेवटी तो मला घेऊन मिलमध्ये आला. मेन स्विच बंद केला, कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली आणि सेन्सर पाहायला स्वतः खड्ड्यात उतरला.

"गुंजन, झाकणाची ओळ परत टाक. मार कमिट!"

मी मारलं.

तपासणी सुरू झाली. डिलीट केलेली तपासणी...

आता तेच वाक्य येणार, असं वाटलं. या वेळी तर आत खरंच माणूस होता.

स्क्रीनवर आलं...

'आत कोणी नाही. पास.'

किल्ली माझ्या मुठीत होती. स्विचला कुलूप होतं.

आणि खाली मोटर सुरू झाली.

मी सांगायला गेले तेव्हा शामकलाबाई तांदूळ पाखडत होती. "झालं?" एवढंच विचारलं तिनं, आणि पुन्हा सूप उचललं.

प्रफुलचं मला वाईट वाटत नाही. खोटं कशाला बोलू?

पण नवीन नोकरीत कमिट मारायच्या आधी मी उठून पाहते, आत कोण कोण आहे. कारण ते कमिट आजही माझ्या नावावर आहे.

नूतन, अगं मला एकदा विचारायचं तरी होतं ना!